साठ माणसं, एक वाडा आणि आजीचा सिंहस्थ

पत्र असं आहे:

"ताई, मी जुन्या नाशकातली, नोकरीला पुण्यात. होणारा नवरा नागपूरचा, तोही पुण्यातच असतो. डिसेंबर 2026 मध्ये नाशकात लग्न करायचं ठरवलंय. दोन्हीकडची मिळून साठ माणसं, त्यावर एक नाही. माझ्या डोक्यात असं आहे: सकाळी रामकुंडाच्या घाटावर विधी, तांबट आळीजवळच्या आमच्या वाड्यात जेवण, संध्याकाळी गोदाआरती आणि घाटावरच फोटो. बाबांना तीन भावंडं, आईला चार, सगळी नाशकात आणि आसपास. बाबा म्हणतात, 'इतकी वर्षं लोकांच्या लग्नात जेवलो, आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?' आजी म्हणते, सिंहस्थ लागतोय, लग्नच नको. नागपूरकर विचारतात, एवढ्या लांब बोलावताय तर उतरायची सोय कुठं? मी सगळ्यांशी वाद घालून दमले. छोटं लग्न करणं इतकं अवघड असतं का? — गावठाणातली मुलगी"

हो, असतं. मोठ्या लग्नात कुणाला बोलवायचं राहिलं तर 'अगं, पत्रिका पाठवली होती की' म्हणून वेळ मारून नेता येते. साठाच्या लग्नात प्रत्येक जण मोजून बोलावलेला असतो, म्हणजे प्रत्येक न बोलावलेलाही मोजूनच वगळलेला असतो, आणि हे त्याला कळतं. तुझ्या पत्रात जागेबद्दल घाट, वाडा, आरती, फोटो असं सगळं आहे. माणसांबद्दल नुसता आकडा आहे. सगळे वाद तिथूनच निघाले आहेत असं मला वाटतं. म्हणून आधी माणसं, मग जागा.

वही घे आणि बाबांबरोबर बस. तुमच्या वाट्याला तीस माणसं येतात. काका-आत्या तीन, मामा-मावश्या चार, जोडीनं धरले तर चौदा. प्रत्येकाची दोन मुलं धर, अजून चौदा. तू, आई, बाबा, आजी. झाली बत्तीस, आणि अजून एकही मैत्रीण आलेली नाही, बाबांचा एकही मित्र नाही, भावंडांपैकी कुणाचं लग्न झालेलं असेल तर तो जावई नाही. जावयाला वगळून बघच एकदा. तेव्हा साठ हा आकडा कुठून आला, ते स्वतःला विचार. तो कुठं वाचून, कुणाचे फोटो बघून आला असेल तर सोडून दे. ऐंशी माणसांचं लग्नही छोटंच असतं. ऐंशीत सगळी सख्खी चुलत-मामे भावंडं येतात, तुझ्या पाच-सहा मैत्रिणी येतात आणि बाबांचे ज्यांच्यावाचून चालणार नाही असे चार मित्रही येतात.

एक मात्र पाळ. रेघ मारायची ती नात्याच्या पायरीवर मार, माणसावर नको. 'सख्खी भावंडं सगळी, चुलत-चुलत कुणीच नाही' असं सांगितलं तर लोक दोन दिवस कुरकुरतात आणि विसरतात. 'शरदकाका हवेत, वसंतकाका नकोत' असं केलंस तर तुझ्या मुलांच्या मुंजीपर्यंत ऐकावं लागेल.

आता बाबा. त्यांना तू हट्टी ठरवलंयस, मला ते तसे दिसत नाहीत. गावठाणात राहिलेल्या माणसाच्या कपाटात आहेराची वही असते, आणि तिच्यात पैशांपेक्षा येण्याजाण्याचा हिशोब जास्त असतो. कोण कुणाच्या दारी उभं राहिलं, कुणाच्या घरच्या कार्यात कोण रात्रभर राबलं. तो हिशोब त्यांनी फेडू नये असं म्हणायचा अधिकार तुला नाही. तो लग्नाच्या दिवशीच, मांडवातच फेडला पाहिजे असं मात्र नाही. त्यासाठी आपल्याकडं केळवण आहे. लग्नाआधीच्या दीड-दोन महिन्यांत ज्यांना ज्यांना लग्नात धरता येणार नाही, त्यांच्याकडून केळवणं आनंदानं घे. जेवायला जा, पाया पड, तिथंच शांतपणे सांग की लग्न घरातल्या माणसांतच करतोय. घरी येऊन जेवून गेलेल्या मुलीवर रुसणं फार जड जातं. आणि लग्नानंतर तीन-चार दिवसांत घरी सत्यनारायण घाल. संध्याकाळी पाच ते नऊ, आळी, बाबांचं ऑफिस, आईचं भजनी मंडळ, ज्यांना यायचं ते येतील, जोडीला बघतील, तीर्थ आणि शिरा घेऊन जातील. आहेर आणू नये असं निरोपातच सांगायचं. बाबांना दारात उभं राहून 'या, या' म्हणता येईल. त्यांना हवं होतं ते बहुधा एवढंच. त्याच दिवशी लॉनवर रिसेप्शन ठेवायचा मोह मात्र टाळा, नाहीतर छोटं लग्न आणि मोठं लग्न अशी दोन्ही लग्नं कराल, आणि खर्चही दोन्हींचा.

घाट. इथं मी तुला सरळ नाही म्हणते. रामकुंड तुला फोटोत दिसतं तसं रोज सकाळी नसतं. देशभरातून माणसं अस्थी घेऊन तिथं येतात. सकाळच्या वेळी दशक्रियेला बसलेली कुटुंबं असतात, नुकतंच मुंडण केलेली मुलं असतात, पिंडाला कावळा शिवतो का म्हणून वर बघत थांबलेली माणसं असतात. त्यांच्यापासून चार पावलांवर तुझी सनई वाजणार, ड्रोन उडणार? ती जागा त्या माणसांची आहे, आणि त्यांना दुसरीकडं जाता येत नाही, तुला येतं. तुझ्या आजीनं हे अजून बोलून दाखवलं नसेल, पण तिच्या विरोधात याचाही थोडा वाटा असणार.

नदी हवी असेल तर ती संध्याकाळी घे. लग्नानंतर दोघांनी गंगेवर जाऊन ओटी भरा. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, हे नागपूरकरांना आधी सांगून ठेव, नाहीतर ते वाराणसीची तिकिटं शोधतील. आणि सगळ्यांना घेऊन आरतीला जायचं तर गर्दीतले चार जण म्हणून जा, दोरी लावून जागा अडवायची नाही. फोटो काढायचे तर सकाळी रामकुंड सोडून सुंदरनारायणाच्या पायऱ्यांकडं ये. 1756 चं देऊळ आहे, त्यातल्या कोरीव कामापुढं वेगळी सजावट लागत नाही. पैसे घेऊन काम करणारा फोटोग्राफर आणि मोठा कॅमेरा असेल तर देवस्थानाची परवानगी आधी काढा.

वाड्याबद्दल मात्र मी तुझ्या बाजूनं आहे, अर्ध्यापर्यंत. चौकात पाट मांडायचे, ओसरीवर बायका, माडीच्या कठड्यावरून मुलं खाली बघतायत, हे मलाही आवडेल. पण दर पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिका जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, ती उगाच नाही. तुमच्या वाड्याला तशी नोटीस आली असेल तर विषय संपला. आली नसेल तरी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणून माडी आणि जिना दाखवून घ्या, आणि त्या दिवशी माडीवर कुणाला चढू देऊ नका, मुलंसुद्धा नाहीत. शिवाय सागवानी खांब, वर लाकडी तुळया आणि मध्ये लाजाहोम, हे मला झेपत नाही. ऐंशी माणसं आणि तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास, हे कुणालाच झेपणार नाही. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी बोलत नाही आणि लग्नाच्या दिवशी दुसरं काही बोललं जात नाही.

म्हणून वाड्यात हळद करा. घरची पंचवीस माणसं, चौकात, सकाळच्या उन्हात. जात्याची पूजा, मुहूर्तमेढ, आजीच्या हातची पहिली हळद. तिथं वाड्याची खरी गरज आहे, आणि वाड्याला पंचवीस माणसं पेलतात.

लग्न लहान कार्यालयात. गंगापूर रोडची, मखमलाबादकडची मोठी लॉन्स हजाराच्या बेतानं बांधलेली आहेत. तिथं ऐंशी माणसं म्हणजे बहुतेक सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि व्याही उगाच विचारात पडायचे. डिसेंबरात संध्याकाळी उघड्यावर थंडीही चांगलीच असते. रात्री पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही जातो. म्हातारी माणसं शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत कुडकुडत बसतील. दुपारचा मुहूर्त घ्या, छत असलेली जागा घ्या. ती कुठल्या काठावर घ्यायची, ते आता आजीच ठरवेल.

सिंहस्थ. आजीचं म्हणणं झटकून टाकू नकोस, तिच्याजवळ आधार आहे. गुरू सिंह राशीत असला की विवाह करू नये असं जुन्या मुहूर्तग्रंथांत सांगितलंय. या वेळी रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, म्हणजे तुझा डिसेंबर नेमका त्यात सापडतो. पण त्याच ग्रंथांत पुढं असंही आहे की हा दोष गोदावरीच्या उत्तर तीरापासून भागीरथीच्या, म्हणजे उत्तरेतल्या गंगेच्या, दक्षिण तीरापर्यंतच्या प्रदेशात धरायचा, इतरत्र नाही. आणि सूर्य मेषेत असताना तो तिथंही धरत नाहीत. आता डोळ्यांपुढं आपलं गाव आण. पंचवटी डाव्या काठावर, म्हणजे शास्त्राच्या हिशोबानं उत्तर तीर. तुमची तांबट आळी, सराफ बाजार, रविवार कारंजा, हे सगळं उजवा काठ, दक्षिण तीर. पूल ओलांडला की दोष लागू आणि अलीकडं राहिलं की नाही! हसू येतं खरं, पण आजीसाठी ही पळवाट नाही. तिच्याच शास्त्रानं तिला दिलेली वाट आहे.

यात सिंह नवमांशासारख्या आणखी बारीक अटी असतात, त्या तुझ्या-माझ्या कामाच्या नाहीत. घरच्या गुरुजींकडं जा, आणि जाताना आजीला बरोबर ने. हे महत्त्वाचं. तू एकटी जाऊन 'गुरुजी चालेल म्हणाले' असं सांगितलंस तर ती म्हणेल, तू त्यांना पटवलंस. तिनं स्वतः विचारलं, तिथंच पंचांग उघडलं गेलं, तिनं नाही तर नाही, हो तर हो ऐकलं, की पुढं घरात दुसऱ्या कुणी विषय काढला तरी उत्तर तीच देईल. गुरुजींनी दक्षिण तीर चालेल म्हटलं तर कार्यालय अलीकडंच बघा, पंचवटीतलं कितीही सुरेख असलं तरी. त्यांनी नाहीच म्हटलं तर एप्रिल-मे धरा, सूर्य मेषेत असतो तेव्हा. ऊन रणरणतं असेल, पण आजी मनापासून अक्षता टाकेल. जानेवारीकडं मात्र ढकलू नका. पौषात आपल्याकडं लग्नं करत नाहीत, म्हणजे एक हरकत मिटवून दुसरी ओढवून घ्याल.

साधूंच्या गर्दीची काळजी डिसेंबरात नको. मोठी स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. काळजी आहे ती रस्त्यांची. सिंहस्थाच्या कामांसाठी कुठला रस्ता कधी उकरलेला असेल ते आदल्या आठवड्यात स्वतः फिरून बघा, आणि पाहुण्यांना नकाशाची लिंक पाठवून मोकळं होऊ नका. जुन्या नाशकात नकाशा अशा बोळात नेऊन सोडतो जिथून रिक्षासुद्धा मागं घेता येत नाही. एका काकांना आणि दोन चुलत भावांना नुसतं हेच काम द्या.

नागपूरकरांचं म्हणणं रास्त आहे. रेल्वेनं आले तर ते नाशिकरोडला उतरणार, तिथून गाव आठ-दहा किलोमीटर. गाडीनं आले तर समृद्धी महामार्गानं सिन्नरपर्यंत येतील आणि थकून येतील, सगळा दिवस गाडीत गेलेला असेल. त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बोलवा आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी उतरवा. दोन हॉटेलांत विभागलंत की कुणाला चांगलं मिळालं यावर चर्चा सुरू होते. खोल्या आत्ताच धरा. डिसेंबर म्हणजे नाताळच्या सुट्या, द्राक्षबागांकडं येणारी मुंबई-पुण्याची गर्दी आणि त्र्यंबकचे भाविक, सगळे एकदम. नवरदेवाच्या मित्रांना वायनरी बघायची असेल तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जाऊ देत. आदल्या दिवशी सोडलं तर सीमांतपूजनाला कोण कुठल्या अवस्थेत येईल याची हमी मी देणार नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना तूच गावात फिरव. कपालेश्वराचं देऊळ दाखव आणि शंकरासमोर नंदी का नाही ते आजीला सांगू दे. नारोशंकराची घंटा दाखव. वसईच्या विजयाची आठवण म्हणून ती सांगितली जाते. शेजारचा दुतोंड्या मारुती दाखव, आणि पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून आपण पूर मोजतो तेही सांग. काळारामाला नेशील तेव्हा 2 मार्च 1930 ला सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सांगायला विसरू नकोस. दीक्षाभूमीच्या गावची माणसं आहेत ती, त्यांना ते देऊळ आपल्यापेक्षा वेगळं दिसेल. त्र्यंबकेश्वर त्याच संध्याकाळी उरकायचा बेत कुणी काढला तर हाणून पाड. तिथल्या रांगेत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही.

जेवणात बुफे नको. ऐंशी माणसांना पंगत सहज वाढता येते आणि छोट्या लग्नाचं खरं सुख तिथंच आहे. केळीची पानं, दोन पंगती, चार वाढपी, आणि आग्रह करायला घरातली माणसं. आचारी सांगताना शंभर पानांचा अंदाज द्या. गुरुजी, सनईवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर हेही जेवणारच. कमी पानांना दर जरा चढा पडतो, त्यावर घासाघीस करून ताटातला एक पदार्थ कमी करून घेऊ नका. मसालेभात, अळूची भाजी, पुरणपोळी, मठ्ठा आणि गरम जिलेबी एवढं नीट झालं तरी पुरे. हळदीच्या सकाळी मिसळ असू दे, काळ्या रश्श्याची, पापडासकट. नागपूरकर 'आमच्या तर्रीची सर नाही' म्हणतील. म्हणू देत, वाटी पुढं करतीलच.

साठ-ऐंशी माणसांत आणखी एक करता येतं, जे मोठ्या लग्नात जमत नाही. प्रत्येकाला काही काम द्या. मंगलाष्टकं मायकवरच्या भाड्याच्या गायकाऐवजी मावशी आणि आत्या म्हणोत, सूर हलला तरी. अंतरपाट दोन्हीकडच्या चुलत भावंडांनी धरावा. बाबांच्या त्या चार मित्रांना व्याह्यांच्या स्वागताला उभं करा. परतीची भेट म्हणून आळीतल्याच तांबटाकडून छोटी तांब्याची फुलपात्रं घ्या, वाड्याच्या शेजारची वस्तू नागपूरला पोचेल. पैठणी येवल्याची, खऱ्या हातमागावरची हवी असेल तर ती आजच सांग. विणायला महिने जातात आणि दुकानदार डिसेंबरात दिलेला शब्द डिसेंबरात पाळू शकत नाही.

कागदाचं थोडक्यात. लग्न विधीनं केलं तरी नोंदणी लागतेच. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणं ती 90 दिवसांच्या आत करायची. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि बहुतेक ठिकाणी लग्नपत्रिकाही मागतात. तेव्हा व्हॉट्सअॅपवरच बोलावणार असलीस तरी पंचवीस पत्रिका छापून घे. पहिली चांदीच्या गणपतीसमोर ठेवायलाही लागेल. विशेष विवाह कायद्याखाली करायचं मनात आलं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. तुम्ही दोघं पुण्यात, म्हणजे तो अर्ज पुण्यातच द्यावा लागेल, नाशकात नाही.

आणि मुहूर्त काढताना गुरुजींनी दोन-तीन तारखा दिल्या तर बुधवार सोडून दे. त्या दिवशी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. संध्याकाळी ओटी भरायला निघालीस तर शालू सावरत भाज्यांच्या ढिगांमधून वाट काढावी लागेल.